पुढची काच

"मग यातलं कोणतं लावू, उस्ताद?"

जालिंदरने बाकावर नळ्या ओळीने मांडल्या होत्या. काळ्या, पांढऱ्या, एक परदेशी. काच चिकटवायचं सीलंट बाजारात जेवढ्या जातीचं मिळतं, तेवढं त्याने आणलं होतं.

कासम उस्तादांनी नळ्यांकडे पाहिलं नाही. ते बशीतला चहा फुंकत होते.

"कशाला लावायचंय?"

"पुढच्या काचेला. गळतीय."

"गाडी कुठाय?"

जालिंदरने दाराबाहेर बोट केलं. दाराबाहेर नुसतं पांढरं होतं. पाचगणीत त्या दुपारी पाऊस थांबला होता, धुकं थांबलं नव्हतं.

"धुकं गळतंय होय? त्याला माझ्याकडे औषध नाही, लेका."

जालिंदर हसला नाही.

थोड्या वेळाने धुकं जरासं सरकलं. सिल्व्हर ओकची खोडं दिसली. मग एक ट्रक. मग ट्रकच्या पाठीवर, चारी चाकं दोराने बांधलेली, सायीच्या रंगाची जुनी डुक्कर फियाट.

"चालत नाही?"

"चालते."

"मग ट्रकवर कशाला चढवलीस?"

…

उस्तादांनी उरलेला चहा संपवला.

जालिंदर भिलारे हा त्यांचाच शागीर्द. विशीच्या आधीच या शेडमध्ये आला, इथेच काच धरायला शिकला. मग पुण्याला गेला. आता त्याचं मोठं वर्कशॉप आहे. नव्या गाड्यांच्या काचा तो बंदुकीसारख्या यंत्राने चिकटवतो, आणि चिकटवलेली काच हलत नाही.

जाताना तो एवढंच बोलून गेला होता, "तुमच्या काचा निघतात, उस्ताद. मी बसवीन ती निघणार नाही."

उस्ताद त्या दिवशीही चहाच पीत होते.

*

फळ्या लावून गाडी खाली उतरवली. ट्रक निघून गेला. त्याचा आवाज बराच वेळ धुक्यात मागे राहिला.

उस्ताद गाडीभोवती फिरले. काचेच्या कडेकडेने त्यांनी अंगठा फिरवत नेला. अंगठा जागोजागी अडत होता. रबरावर काळा थर होता, दगडासारखा. त्यावर आणखी एक. त्याच्याही वर पांढरा.

"हे कुणी भरलं?"

"मी."

"वरून?"

"वरूनच. गळत राहिलं. मग परत भरलं. मग परत…"

उस्तादांनी चहाच्या किटलीत पाणी घेतलं आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यावर धार धरली. पाणी कडेला जरा थबकलं. मग दिसेनासं झालं.

आत, चालवणाऱ्याच्या सीटवर, थेंब पडला.

तिथे एक टॉवेल घडी करून ठेवलेला होता. तो भिजून काळा पडला होता. टॉवेलखाली सीटचं कापड कुजायला लागलं होतं.

"काच काढल्याशिवाय गळती थांबत नाही. हे तुला मी पहिल्या पावसाळ्यात शिकवलं."

"काढायची नाहीये."

"का?"

"जुनी काच आहे. अशी आता मिळत नाही. काढताना तडकली, तर गेली."

"तुझ्या हातून आजवर किती तडकल्या?"

"एकही नाही."

"मग?"

जालिंदर नळ्यांकडे बघत राहिला.

उस्तादांनी त्याची पिशवी उचकली. तळाशी, पावडर लावून गुंडाळलेलं, काचेचं नवंकोरं रबर होतं.

"काच काढायची नाही, तर हे रबर कशाला आणलंस?"

जालिंदरने त्या रबराकडे असं पाहिलं, जणू ते पिशवीत दुसऱ्याच कुणी घातलं असावं.

*

काचेवर आतून धुरकट साचलं होतं. उस्तादांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, दार उघडून हात आत घातला.

जालिंदरने त्यांचं मनगट धरलं. घट्ट. या शेडमध्ये उस्तादांचा हात कुणी कधी धरला नव्हता.

"आतली बाजू पुसू नका."

उस्ताद वाकले. स्टिअरिंगच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, काचेवर एक टिकली होती. लहान. मरून रंगाची.

त्यांनी फडकं परत खांद्यावर टाकलं.

"शालन?"

"हं."

जालिंदरची बायको गेल्याचं त्यांना कळलं होतं. माघात. त्यांचे गुडघे तेव्हा धरलेले, घाट उतरवला नव्हता. निरोप पाठवला होता.

…

"गाडी तिच्या वडिलांची," जालिंदर म्हणाला. "मी कितीदा म्हटलं, नवी घे. ऐकली नाही. हिच्यातनंच शाळेत जायची. मुलांना भूगोल शिकवायची. शाळेच्या फाटकाबाहेर गाडी आली, की कपाळाची टिकली काढायची, काचेला लावायची. म्हणायची, 'सुटली शाळा!' दुसऱ्या दिवशी फाटकाशी तीच परत कपाळावर."

"तू बघितलंस?"

"बघितलं ना. कधीमधी न्यायला जायचो. चालवायची मात्र तीच. मी शेजारी." तो थांबला. "त्या दिवशी लावली. मग… दुसऱ्या दिवशी काही शाळा झालीच नाही."

धुक्यात कुठेतरी घोड्याच्या गळ्यातली घुंगरं वाजत गेली. घोडा दिसला नाही.

"घरातल्या आरशावर पण होत्या. दहाव्याला पाहुणे आले, त्यांनी घर आवरलं. आरसा लख्ख केला. चांगल्या मनानेच केला… ही एवढी राहिली."

उस्तादांनी पुन्हा एकदा त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"म्हणून विचारतोय. तुम्ही एवढ्या काचा बसवल्यात. असं कोणतं लावू, की ही काच परत कधी काढायची वेळच येणार नाही?"

उस्ताद शेडमध्ये गेले. येताना हातात लाकडी मुठींची बारीक तार होती.

"हे घे. तू बाहेरून धर."

*

रबर आणि त्यावरचे थर कापायचे, तर तारेचं एक टोक आत लागतं, एक बाहेर. उस्ताद आत बसले, शेजारच्या सीटवर. जालिंदर बॉनेटशी उभा राहिला.

"ओढ."

तार त्याच्याकडे आली.

"सोड."

तार आत गेली.

धुकं पुन्हा दाटलं. काचेपलीकडे आता उस्तादांचे दोन हात तेवढे दिसत होते. बाकीचे उस्ताद विरघळल्यासारखे झाले होते.

"ओढ… सोड. अरे सोड म्हणतो मी! पुण्याला सोडत नाहीत का?"

"तिकडे मशीन ओढतं, उस्ताद."

"आणि सोडतं कोण?"

जालिंदरच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

कडक झालेला थर कुरकुरत कापला जात होता. वरची कड सुटली. डावी सुटली. मग तार स्टिअरिंगकडच्या खालच्या कोपऱ्याशी आली, आणि जालिंदरचा हात थांबला.

आतूनही तार ओढली गेली नाही.

काचेवर थेंब जमत होते. एकात एक मिसळत होते, खाली येत होते. आतून 'ओढ' आलं नाही. 'सोड'ही आलं नाही. उस्ताद आहेत की उठून गेलेत, तेही कळेना.

मग जालिंदरनेच ओढलं.

*

काच शेडमधल्या बाकावर गोधडी अंथरून ठेवली. टिकली जागच्या जागी होती. काच अखंड होती. जालिंदर दोन्ही तळवे काचेच्या कडेशी टेकून वाकून उभा राहिला होता.

"चल," उस्ताद बाहेरून म्हणाले.

ते पुन्हा गाडीत, शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते.

"कुठे?"

"जरा खाली जाऊन येऊ. चालव."

"काच नाही गाडीला, उस्ताद!"

"दिसतंय मला. म्हातारा झालोय, आंधळा नाही."

"मी… मी इकडे बसतो. तुम्ही घ्या चालवायला."

"माझे गुडघे क्लच दाबतात होय? बस. का माझ्या मांडीवर बसून चालवणार?"

जालिंदरने दार उघडलं. टॉवेल उचलला. तो पिळायचा की ठेवायचा हे त्याला कळेना. शेवटी त्याने तो मागच्या सीटवर ठेवला, कुणाच्या तरी सामानासारखा, नीट. आणि ओल्या सीटवर बसला.

सीट पुढे ओढलेली होती. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. त्याने ती मागे सरकवली नाही.

शेडपासून खाली रस्ता उताराचा आहे. इंजिन चालू करावंच लागलं नाही. ब्रेक सोडला, आणि गाडी आपल्या आपण निघाली.

धुकं समोरून येत होतं आणि थेट आत शिरत होतं. मांडीवर बसत होतं, कानांमागे जात होतं, मागच्या काचेपर्यंत जाऊन परत येत होतं. गाडीत आणि बाहेर आता काही फरक नव्हता. चाकं रस्त्यावर होती की नव्हती, तेही सांगता येत नव्हतं. सिल्व्हर ओक एकेक करून जवळ यायचे, बघायचे, निघून जायचे. गाडीतला इतके दिवस कोंडलेला वास, खडूचा, ओल्या कापडाचा, सीलंटचा, हळूहळू सुटत होता. जालिंदरने एकदा हात पुढे केला. जिथे काच असायची तिथून हात पलीकडे गेला.

मग आवाज आले. आधी लांबून, पाण्याखालून आल्यासारखे. मग एकदम जवळ.

"सुटली रे सुटली!"

जालिंदरचा पाय ब्रेकवर गेला.

धुक्यातून पोरं निघाली. लाल रेनकोट, पिवळे, निळे. ती गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहत चालली. चेहरे नीट दिसत नव्हते, फक्त रंग आणि दप्तरं. एक पोरगी बॉनेटपाशी थांबली आणि वाकून आत बघायला लागली.

"ओ काका, तुमची काच कुठाय?"

"घरी विसरली!" उस्ताद ओरडले.

"आणि मग पाऊस आला तर?"

"तर भिजू!"

पोरं खो-खो हसली. ते हसू रस्त्याच्या वळणापर्यंत गेलं आणि तिथे धुक्याने ते घेतलं.

गाडी तशीच उभी होती. जालिंदरचा चेहरा ओला होता. उस्तादांचाही होता. अशा धुक्यात काच नसलेल्या गाडीत बसलं, की माणूस भिजतोच.

"चल," बऱ्याच वेळाने उस्ताद म्हणाले. "काच वाट बघत असेल."

*

बाकावर नळ्या अजून ओळीने उभ्या होत्या. उस्तादांनी त्यांच्यामागून हात घालून फळीवरचा एक डबा काढला. आत लांबी होती. सुतार तावदानाला लावतात तशी, पण काळी, चिकट, मळलेल्या कणकेसारखी मऊ.

"ही अजून वापरता?" जालिंदर म्हणाला. "उस्ताद, ही कधी वाळतच नाही. माझ्याकडची पोरं हिला हात लावत नाहीत."

"नव्या गाड्यांना नकोच लावू. त्यांना तुझंच बरोबर आहे."

"मग हिला?"

उस्ताद त्याला शेडमागे घेऊन गेले. तिथे झाडाखाली त्यांची जुनी जीप होती, पालापाचोळ्याने भरलेली. त्यांनी तिच्या काचेच्या रबराची कड नखाने उचलली, आतून चिमूटभर काळं काढलं आणि जालिंदरच्या तळहातावर ठेवलं.

"ही कुणी भरली होती, आठवतं?"

जालिंदर बघत राहिला. ती त्यानेच भरली होती. शिकत असताना. तेव्हा त्याला नीट मिशीही फुटली नव्हती, शालन त्याला माहीत नव्हती.

त्याने अंगठ्याने दाबलं. काळ्या गोळीवर अंगठ्याच्या रेषा उमटल्या.

"अजून मऊ आहे…"

"मऊच आहे."

"एवढे पावसाळे?"

"जुना पत्रा उन्हात फुगतो, थंडीत आखडतो, खड्ड्यात हलतो. ती त्याच्याबरोबर हलते."

"आणि वाळली असती तर?"

"वाळली, की गळते."

*

फटीत लांबी भरली. काचेला नवं रबर चढवलं. रबराच्या बाहेरच्या खाचेत भोवतीभोवती दोरी घातली, तिची दोन्ही टोकं आत सोडली. काच बाहेरून पत्र्याला टेकवायची, आणि आतल्या माणसाने दोरी हळूहळू ओढत रबराची कड पत्र्यावर चढवायची. ही पद्धत जालिंदरला झोपेतही आली असती.

या वेळी त्याला सांगावं लागलं नाही. तो शालनच्या सीटवर जाऊन बसला.

उस्तादांनी रबराला साबणाचं पाणी लावलं. वाईच्या बाजारात त्यांची आई बांगड्या भरायची. साबण तिच्याकडूनच आलेला.

वरची कड बसली. बाजूच्या बसल्या. खालच्या कोपऱ्याशी, टिकलीपाशी, दोरी अडली. जालिंदरने जोर केला. रबर ताणलं गेलं. काच बारीक आवाज करून बोलली.

"थांब!"

उस्ताद बाहेरून वळसा घालून आले. दारातून हात आत घालून त्यांनी जालिंदरची दोरी धरलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. साबणाने हात बुळबुळीत झाले होते. ते ती मूठ दाबू लागले, अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या सांध्यांवर, जशी त्यांची आई नव्या नवरीचा हात दाबायची.

"आई काचेची बांगडी कधी ढकलायची नाही," ते म्हणाले. "पोरीला म्हणायची, हात माझ्याकडे दे आणि तू दुसरीकडे बघ."

जालिंदरने दुसरीकडे पाहिलं. शेजारच्या रिकाम्या सीटवर. तिथून तो इतकी वर्षं तिच्याकडे बघत आला होता.

मूठ सैल झाली.

दोरी आपोआप सरकल्यासारखी आली. कड चढली. काच बसली.

उस्तादांनी किटली आणली. वरच्या कोपऱ्यावर धार धरली, मग सगळ्या कडेने. पाणी काचेवरून ओघळलं, बॉनेटवरून जमिनीवर गेलं.

आत काही पडलं नाही.

पुन्हा धार. पुन्हा काही नाही.

"नाही गळत!" जालिंदर ओरडला. त्या आवाजात विशीतला जालिंदर होता. "नाही गळत, उस्ताद!" तो बाहेर आला आणि त्याने आनंदाने दार लोटलं.

दार धाडकन लागलं.

त्याने काचेतून आत पाहिलं. कोपरा रिकामा होता.

…

टिकली सीटवर पडली होती. त्याने ती नखावर उचलली. मागे तिचा गोंद पार वाळून गेला होता. बोट लावलं, तर त्याची पिठासारखी पूड झाली.

"उस्ताद…"

त्याने ती तशीच नखावर धरून पुढे केली.

उस्ताद आले. त्यांनी टिकलीकडे पाहिलं, जालिंदरकडे पाहिलं नाही. त्यांच्या अंगठ्याच्या नखात लांबीचा काळा कण राहिला होता. तो त्यांनी टिकलीच्या पाठीवर पुसला.

जालिंदर आत बसला. न पुसलेल्या काचेवर कोपऱ्यात एवढासा स्वच्छ गोल उरला होता. त्याने टिकली त्या गोलावर ठेवली. बोटाने दाबली. दाबून धरली. मग बोट काढलं.

टिकली राहिली.

तो तिच्याकडे बघत होता. बाहेर धुकं काचेपर्यंत येऊन थांबलं होतं.

"आता नाही ना पडणार?"

उस्ताद बाकावरच्या नळ्या एकेक करून त्याच्या पिशवीत भरत होते.

"पडेल," ते म्हणाले. "परत लाव."